डोंगळ्यांच्या बांधावर

“ओ दादा, तिकडून नको... पेट्यांच्या समोरून येऊ नका!”

संजना ओरडली खरी, पण तोवर उशीर झाला होता. काळ्या टी-शर्टातला तो उंच पोरगा थेट मधपेट्यांच्या दारासमोरून, माश्यांची वाट अडवत ऐटीत चालत आला आणि पुढच्याच क्षणी कान धरून बांधावर नाचायला लागला.

“चोळू नका! खाली बसा आधी.”

तो मुकाट बसला. संजनाने चेहऱ्यावरची जाळी वर केली, हातमोजा काढला आणि नखाने त्याच्या कानाच्या पाळीतला काटा अलगद खरवडून काढला. कान लालबुंद झाला होता... आणि दुसराही झाला होता, ज्याला माशी शिवलीसुद्धा नव्हती.

“केसांना काय लावलंय एवढं? या वासानेच चिडल्या त्या.”

“जेल हाय,” तो ओशाळून म्हणाला. “अण्णा म्हणले, नाशिकच्या मॅडम येणारेत, तर म्हटलं जरा...” आणि त्याने जीभ चावली.

संजनाला हसू आवरेना. शेखरची आणि तिची ओळख झाली ती अशी.

सायखेड्याला गोदावरीच्या काठाशी शेखरच्या वडिलांनी, अण्णांनी, बियाण्यासाठी कांदा लावला होता. थंडी सरत आली होती आणि कांद्याचे डोंगळे फुलले होते. लांब हिरव्या दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गोल चेंडू, नजर जाईल तिथपर्यंत. त्यांच्यावर माश्या बसल्या तरच बी धरायचं. म्हणून अण्णांनी नाशिकरोडहून संजनाच्या पेट्या मागवल्या होत्या. शेतीची पदवी घेतल्यावर नोकरीच्या मागे न लागता तिने या पेट्या एकेक करून उभ्या केल्या होत्या. थंडीत माश्या निम्म्यावर येतात. त्यामुळे वसंताच्या तोंडाशी ती दर चार-आठ दिवसांनी येऊन एकेक पेटी उघडून बघायची.

आणि ती आली की शेखरला नेमकं त्याच बांधावर काहीतरी काम निघायचं.

“काय बघता एवढं आत?” एकदा त्याने विचारलं. आता तो बिनवासाचा, शहाण्यासारखा पेटीच्या मागच्या बाजूला उभा राहायचा. माश्यांना शांत करणारा धुराचा डबा त्याच्याच हातात असायचा.

“राणी आहे का, अंडी घालतेय का, खायला पुरतंय का,” संजना पोळ्याची फ्रेम उन्हाकडे धरत म्हणाली.

“आन् राणी वळखायची कशी?”

“लांबट असते. बाकीच्या तिच्याकडे तोंड करून उभ्या असतात, तिच्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही त्यांना.”

“मग दिसली.”

“कुठे?” ती फ्रेमवर वाकली. “कुठल्या कोपऱ्यात?”

तिने मान वर केली... तो फ्रेमकडे बघतच नव्हता.

“धूर द्या,” ती म्हणाली. पण जाळीच्या आत तिचे गाल तापले होते.

मॅडमची संजना झाली, तुमचं तुझं झालं. तो तिच्यासाठी रुमालात द्राक्षं बांधून आणायचा. काम झालं की दोघं नदीकाठी दगडावर बसायची आणि घड संपला तरी उठायची नाहीत. एकदा शेखरच्या आईने तिला घरी चहाला बोलावलं. हसतमुखाने कप हातात दिला, आणि मग विचारलं, “आडनाव काय म्हणलीस, पोरी?” संजनाने सांगितलं. आई “बरं बरं” म्हणाली आणि चुलीकडे वळली. त्यानंतर चहाचं बोलावणं आलं नाही.

“घरी सांगितलंस?” संजना अधूनमधून विचारायची.

“सांगणार हाय गं. बाकी सगळं त्यांना पटतं. तू पटतेस, तुझं काम पटतं. जातीपाशी येऊन गाडी अडणार.”

“मग ढकलायला लागेल ना कुणीतरी.”

“ढकलतो की. एवढं बियाणं निघू दे.”

तिने एकच गोष्ट त्याला पहिल्यापासून बजावली होती. फवारणी करायची असेल तर आदल्या दिवशी फोन. ती संध्याकाळी येऊन पेट्यांची दारं लावील, औषधाचा जोर ओसरेपर्यंत माश्या आत राहतील. “एवढं विसरू नकोस हं, शेखर.” तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता, “तुझ्या लेकी त्या माझ्या लेकी.” ती लाजून नदीकडे बघत बसली होती.

त्या दिवशी ती नेहमीसारखी आली. स्कूटर बांधाला लावली आणि तिथेच थबकली. गुणगुण ऐकू येत नव्हती.

पेट्यांच्या समोर माश्यांचा सडा पडला होता. काही अजून जागच्या जागी गोल गोल फिरत होत्या, काहींची जीभ बाहेर आली होती. संजना गुडघ्यांवर बसली. एक माशी तिच्या तळहातावर चढली, थरथरली आणि उलटी झाली.

अण्णा पिकाला पाणी देत होते, ते तसंच सोडून धावत आले. “अगं, हे काय झालं? काल सकाळी औषध मारलं आम्ही, फुलकिडे लय झाले होते. पण परवाच शेखरला म्हणलं होतं, पोरीला कळव. त्यो म्हणला, कळवतो. फोन नाय आला तुला?”

“नाही, अण्णा.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “काल शेखर कुठे होता?”

“गड्यांना फवारायला लावलं आन् आम्ही निफाडला गेलो, पोरगी बघायला. पसंत पडली सगळ्यांना.” म्हाताऱ्याने मेलेल्या माश्यांकडे बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. “पण हे लय वाईट झालं गं, पोरी.”

जाळी न घालताच संजनाने पेट्या उघडायला सुरुवात केली. चरायला गेलेल्या माश्या मेल्या होत्या. आत पिलांना ऊब द्यायलाही पुरेशा उरल्या नव्हत्या. कुठे राणी एकटीच फिरत होती, कुठे तीही नव्हती. ती एकेक झाकण लावत गेली.

शेखर आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

“संजना... फोन हातात घेतला होता गं मी. कितीदा तरी घेतला.”

“मग?”

“तुझा आवाज ऐकला असता तर निफाडचं लपवता आलं नसतं मला. अण्णांना नाय म्हणता आलं नाही. वाटलं, जाऊन येतो, नापसंत म्हणून सांगतो... तुला कळायच्या आत मिटून जाईल.”

“मेसेज टाकायचास. ‘उद्या फवारणी आहे.’ त्यात निफाड कुठे आलं असतं?”

तो पुटपुटला, “एक दिवस दारं उघडी राहिली तर काय होतंय, असं वाटलं.”

मग एकदम त्याने तिचा हात धरला. “मी आज सांगतो घरी. आत्ता. चल माझ्याबरोबर, आईसमोर उभा राहून सांगतो.”

हेच ऐकण्यासाठी ती किती दिवस झुरत होती! तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. खरंच बोलत होता तो. पण काल हेच बोलायला काय हरकत होती?

“हे माझ्यासाठी म्हणतोयस,” तिने हळूच विचारलं, “की या मेल्या म्हणून?”

शेखरची नजर मेलेल्या माश्यांकडे गेली. तिने हात सोडवून घेतला.

तिने फोन करून बोलावलेला वाल्मीककाकांचा टेम्पो सूर्य टेकताना आला. नाशिकरोडला ते तिच्या शेजारी राहायचे, पेट्यांची ने-आण नेहमी तेच करायचे. त्यांच्या पाठीला लचक भरली होती आणि पेट्या उचलायला दोन माणसं लागतात. शेखर पुढे झाला. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने ती, दोघांच्या मधे पेटी. इतक्या जवळून तिने त्याचा चेहरा पहिल्यांदा बघितला होता तो कानातला काटा काढताना.

शेवटची पेटी नेताना तो सरीतच थांबला. “माझं प्रेम हाय तुझ्यावर.”

आजवर त्याने हे शब्दांत कधी सांगितलं नव्हतं.

“माहीत आहे,” संजना म्हणाली. “माझंही आहे. हळू चाल, यात अजून जिवंत आहेत.”

पेटी टेम्पोत चढली. तिने दोर आवळला, आपली स्कूटर मागे चढवून घेतली आणि पुढे काकांच्या शेजारी जाऊन बसली. शेखर दारापाशी आला, काचेवर हात ठेवला. तिने काच खाली केली नाही. टेम्पो हलला तसा त्याचा हात आपोआप सुटला.

टेम्पोने नदीचा पूल ओलांडला. मग काकांनी भीत भीत विचारलं, “भांडण झालं का गं, पोरी?”

“नाही, काका.” तिने ओढणीने तोंड पुसलं. “भांडता आलं असतं तर थांबले असते.”