दहा तासांवरचा वेळ

ते मोबाईल खाली ठेवा. आणि भूत नसतं हे मला शिकवू नका. इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिलेत, ते आधी सोडवा. ही गोष्ट आमच्या दिगंबरची. खरी आहे.

पुण्यातल्या एका लसीच्या कारखान्यात तो कोबाल्टचं मशीन चालवायचा. शिशाचं जाड पिंप, आत किरणं. मेंदूज्वराच्या विषाणूच्या गोठवलेल्या बाटल्या आत सोडायच्या. विषाणू मरतो, पण त्याचं रूप तसंच राहतं, म्हणून शरीराला त्याची ओळख पटते. आता कोबाल्ट दर महिन्याला थोडा मंदावतो. त्यामुळे आधीचा माणूस, लोणी काळभोरचा दत्तोबा, दर महिन्याला बाटल्या आत ठेवायचा वेळ सात मिनिटांनी वाढवायचा. दिगंबर हसायचा. "सात मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय?" दत्तोबा वारला. त्याने शेवटी लावलेला दहा तासांचा वेळ या शहाण्याने वर्षभर तसाच ठेवला. अक्कल जन्मापासून रजेवर!

आठ नोव्हेंबर १९९४, मंगळवार. रात्री नऊ वीसला दहा तास भरल्याची घंटा वाजली. दिगंबर बाटल्या काढायला एकटाच गेला. लसीची पहिली सुई स्वतःहून नाव दिलेल्या कामगारांना टोचणार होते, आणि यादीत पहिलं नाव तिथेच कामाला असलेल्या त्याच्याच बायकोचं, आनंदीचं. विषाणू जिवंत राहिला असता तर ती गेलीच असती. गाढवाला त्याचंही भान नव्हतं.

त्याने पिंपाच्या दाराची मूठ फिरवायला घेतली. फिरेना.

आतून आवाज आला.

"अजून वेळ हाय."

शिशाच्या आतून... जिथे माशी जगायची नाही.

"क... कोण?"

आवाज ओळखीचा होता.

"दत्तोबा? अहो..."

"बस खाली."

बसला. आत कुणीतरी खोकलं... थांबलं... पुन्हा खोकलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आनंदीचं नाव घेऊन रडला चक्क!

दहा चव्वेचाळीसला मूठ आपोआप फिरली. चौऱ्याऐंशी मिनिटं. बारा महिन्यांची, सात-सात. करा हिशेब.

बाटल्या तपासल्या. एकही विषाणू जिवंत नव्हता. आनंदीने सुई घेतली; आजही ठणठणीत आहे, नवऱ्याला रोज दोन शब्द सुनावते.

त्या मशीनवाल्यांच्या छातीवर बिल्ला असतो. किरणं लागली की आतली फिल्म काळी पडते. महिनाअखेरीला सगळे बिल्ले तपासणीला गेले. गेले सहा... परत आले सात. दिगंबरचा कोरा होता.

सातव्यावर नाव दत्तोबाचं. फिल्म... काळी ठिक्कर.