डावीकडचा बंबवाला

चष्मा पडला तो नेमका दोघांच्या मधोमध.

चितारणीच्या मांडीवरून तो घसरला आणि दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवरून डावीकडे कुठेतरी गेला. डावीकडे म्हणजे तिच्या मुलखाबाहेर. गेले कित्येक महिने तिची मान त्या बाजूला वळत नव्हती, आणि खाली तर मुळीच झुकत नव्हती.

"थांबा, मी देतो," डावीकडच्या खुर्चीतून आवाज आला. भारदस्त, पण आत कुठेतरी हसू दडवलेला.

ती थांबली. बराच वेळ थांबली. खुर्ची करकरली, कुणीतरी "आई गं—" असं पुटपुटलं आणि खुर्ची पुन्हा करकरली.

"काय झालं?"

"काही नाही. चष्मा मला अगदी स्वच्छ दिसतोय. फक्त... माझं आणि कमरेचं सध्या बोलणं बंद आहे."

तिला हसू फुटलं. "मला खाली बसता येतं, पण दिसत नाही."

"मग झालंच की! तुम्ही बसा, मी वाट दाखवतो. हं... हात पुढे. अजून. अहो, तो माझा बूट आहे!"

"मग घ्या ना बाजूला!"

"तेवढं जमलं असतं तर चष्माच नसता का उचलला?"

अखेर चष्मा हाती लागला. उजवीकडे बसलेली आत्या तोंडाला पदर लावून म्हणाली, "चला, दोघांत मिळून एक धड माणूस होतंय."

आत्याकडे तिने डोळे वटारले. तेवढी बाजू अजून तिच्या ताब्यात होती. पण त्या आवाजाचा चेहरा काही दिसेना. धडधाकट मानेची माणसं चोरून बघू शकतात. तिला बघायचं तर अख्खं अंग कपाटासारखं फिरवावं लागलं असतं, आणि मग ते बघणं चोरून कसलं राहिलं? तिने चष्मा पुसला आणि समोरच्या भिंतीकडे मोठ्या मानाने बघत राहिली.

ती छतं रंगवायची. वडिलांनी हाताला धरून शिकवलेला धंदा. गावातल्या नाट्यगृहाच्या घुमटावर वडिलांनीच एके काळी संध्याकाळचं आकाश रंगवलं होतं. पुढे छप्पर गळलं, डावी बाजू ओघळून गेली. वडील आता नव्हते. ते आकाश पुन्हा उभं करायचं काम मिळालं तेव्हा तिने व्यवस्थापकांना बजावून सांगितलं होतं, "ब्रश फक्त माझा लागेल." आणि अर्ध्यावरच मानेने दगा दिला. नाट्यगृह उघडायची तारीख ठरली होती. व्यवस्थापक रोज हळूच विचारायचे, "दुसरा कुणी बघू का?"

डॉक्टरीणबाई वयस्कर आणि तोंडाने फटकळ. अंगठ्याने मान चाचपत त्यांनी नेमकी दुखरी जागा गाठली आणि शाईचे ठिपके काढले.

"हाडाला हाडाशी बांधणारी दोरी असते, लिगामेंट. वर बघून बघून तुझी सैल पडलीय. तिथे मी साखरेचं पाणी टोचणार."

"साखरेचं पाणी?" आत्या पुढे सरकली. "त्याला सुई कशाला? मी लिंबू पिळून दिलं असतं की!"

"द्या, पण ते पोटात जाईल," डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "हे तिथे थोडी आग पेटवतं. ती आग बघून शरीर दुरुस्तीला धावतं. दुरुस्ती मी करत नाही, पोरी, तूच करतेस. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण तुझी लक्षणं बरी आहेत. दुखेल, ते सोसायचं. बर्फ लावायचा नाही, सुजेच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत."

बाहेर आली तेव्हा मान पेटली होती.

"लागली ना आग?" डावीकडून आवाज आला. "मला विचारा. आगीतलं थोडंफार कळतं."

तो अग्निशमन दलात होता. जळत्या इमारतीतून एका आजोबांना खांद्यावर घेऊन जिना उतरताना त्याची कंबर गेली होती. "आजोबा ठणठणीत आहेत. रोज फोन करून माझ्या कमरेची चौकशी करतात. आणि मी टेबलाशी बसून लोकांच्या आगींचे फोन घेतो."

घरी जाताना आत्याने त्याचं बारसं करून टाकलं— बंबवाला.

पुढे प्रत्येक फेरीला डावीकडची खुर्ची करकरायची. तो कधी म्हणायचा, "आज तुमच्या कानामागे निळा रंग लागलाय." ती म्हणायची, "आकाश आहे ते, पुसायचं नसतं." मान हळूहळू सैलावत होती. त्याचा खांदा दिसू लागला. मग बाहीचा काठ... खांद्यावरून पुढे नजर जायला अजून अवकाश होता, आणि ती त्याची वाट बघत होती हे तिने आत्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

आणि मग तो घोटाळा झाला.

त्या दिवशी सुई टोचून घेऊन ती तशीच नाट्यगृहात गेली. घुमटाखालच्या बांबूच्या परांचीवर चढली, पण वेदनेने फळीवरच बसून राहिली. बंबवाला तिचं काम बघायला म्हणून आला होता. खालूनच त्याला तिचे ओले डोळे दिसले. स्वतःच्या कमरेला त्याने कधी बर्फ लावला नव्हता, डॉक्टरीणबाईंचा शब्द पाळला होता. पण आता पाय थांबेनात. तो बर्फाची पिशवी घेऊन आला, शिडीच्या चार पायऱ्या कशाबशा चढला आणि हात उंचावून रंगाचे डबे वर ओढायच्या दोरीला पिशवी अडकवली.

"नको," ती म्हणाली.

"थोडा वेळच. बघवत नाही हो..."

आणि तिने पिशवी वर ओढून घेतली. मानेवर गार गार वाटलं. त्याने सुजेची गोळी दिली, तीही घेतली.

"म्हणजे मी पेटवलेली आग तुम्ही दोघांनी मिळून विझवलीत!" पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई कडाडल्या. "ही फेरी फुकट गेली म्हणायची."

तारीख तोंडावर आली होती. बाहेर येऊन ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "तुम्ही माझी कीव केलीत. मला कीव नको होती."

आणि उत्तराला न थांबता ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरली.

त्यानंतरच्या खेपेला ती येऊन बसली. डावीकडे शांतता. खुर्ची रिकामी आहे की भरलेली? वळून बघता येईना, आणि विचारायला अभिमान आडवा. आत्या नेमकी घरी राहिली होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला...

खुर्ची करकरली.

"आहे मी," तो हळूच म्हणाला. "बोलू नका हवं तर."

तिने सोडलेला श्वास त्याला ऐकू गेला असावा.

"कीव नव्हती ती," तो म्हणाला. "आग दिसली की विझवायची, एवढंच येतं मला. यापुढे... नुसता बसेन."

"जमेल?"

"शिकवा."

त्या दुपारी तो नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेत बसला. दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"पाणी देऊ?" त्याने वर बघत विचारलं.

"नको."

"काही करू?"

"नको."

"मग?"

"बसा."

तो बसला. जळत्या घरात शिरताना न डगमगलेला माणूस त्या खुर्चीत घामाघूम झाला, पण उठला नाही. वर फळीवर दात आवळून ती सोसत होती. कुणीतरी खाली आहे आणि काहीही करत नाहीये, याचा एवढा आधार वाटतो हे तिला ठाऊक नव्हतं.

आग आपल्या वेळेने निवली. फेरी लागू पडली. व्यवस्थापक दुसऱ्या रंगाऱ्याला घेऊन आले, तेव्हा ती वर उभी होती आणि घुमटाची डावी बाजू ढगांनी भरत आली होती. दुसरा रंगारी टोपी काढून बघत राहिला. "मला कशाला आणलंत?" म्हणाला आणि निघून गेला.

शेवटचा ढग केशरी झाला, तेव्हा शिडी वाजली. बंबवाला चढून येत होता. पूर्ण शिडी, न थांबता. येऊन तो नेहमीच्या बाजूला उभा राहिला.

"वडिलांचं आकाश?" त्याने विचारलं.

"उजवीकडचं त्यांचं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. "डावीकडचं माझं."

बोलता बोलता बोटांतून ब्रश निसटला आणि दोघांच्या मधून फळीच्या कडेकडे घरंगळला.

"अरे, धर!" ती ओरडली आणि गर्रकन डावीकडे वळली.

त्याने वाकून ब्रश झेलला.

मग दोघंही जागच्या जागी थिजली. तो वाकलेला. ती वळलेली.

"तुझी मान..." तो पुटपुटला.

"तुझी कंबर..."

तो सावकाश उभा राहिला, आणि तिने त्याच्याकडे जवळून, सरळ, सवडीने बघितलं. भुवईवर भाजल्याची जुनी खूण. कानाशी एक पांढरा केस. आणि ते हसू— आवाजात ऐकलं होतं, अगदी तसंच.

"आता डावीकडे बसायला काही निमित्त उरलं नाही," तो म्हणाला.

"निमित्त हवंय कुणाला?" तिने त्याच्या हातातून ब्रश घेतला, हात मात्र सोडला नाही. "डावी बाजू माझी आहे असं आत्ताच म्हटलं ना मी?"

खालून आत्याचा आवाज घुमटात घुमला. "अगं, आकाश झालं असेल तर खाली या दोघं! इथे खाली बघून बघून... नव्हे, वर बघून बघून माझीच मान धरलीय!"