अकबर मिस्त्रीची सही

बस जयदीप. तुझी गाडी अकराला सुटायची आहे, आत्ता कुठे साडेनऊ झालेत. चहा घे. तुम्हीही बसा रे, पत्ते नंतर कुटा.

ही चेकलिस्ट तू भरलीस ना? बावीस प्रश्न, बावीस ठिकाणी ओके, खाली सही. मी घड्याळ बघत होतो. दीड मिनिट लागलं तुला. खुर्चीतून उठलासुद्धा नाहीस. उंटावरून शेळ्या हाकतोस होय रे? नाही, चिडलेलो नाही. आधी एक गोष्ट सांगतो, मग चिडतो.

कुरुळीचा भिमाजी तुम्हाला माहीत नसणार. आमच्याकडे ड्रायव्हर होता. तीस वर्षं गाडी चालवली, पण देवळातल्या नारळाखेरीज काही फोडलं नाही त्यानं. त्याच्या बाबतीत घडलेली ही गोष्ट आहे. साल दोन हजार पंचवीस, जानेवारीची नऊ तारीख, गुरुवार. तारीख मी विसरू शकत नाही, ते का ते कळेलच.

त्या वेळी मी चिखलीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये सुपरवायझर होतो. नाव कशाला सांगू, मालक अजून ताठ मानेनं फिरतोय. तिथं अकबर मिस्त्री होता. बुटका माणूस, साठीकडे झुकलेला, पायात कायम रबरी चप्पल. गाडी बघायची त्याची एकच रीत. हातोडी घ्यायची आणि चाकाचा एकेक नट वाजवायचा. कसलेला नट टणटणीत बोलतो, ढिला असला की बद्द वाजतो. चाक पुरं झालं की स्वतःशीच म्हणायचा, "हां." मोठ्या गाडीला सहा जागी असे सहा 'हां' झाले की मग बाकीचं बघायचा, आणि सगळ्यात शेवटी सही. 'अकबर' लिहून 'र'ची शेपटी पार चौकटीबाहेर ओढायचा. आम्ही हसायचो. एक चाक बघून मोकळे होणारे, शितावरून भाताची परीक्षा करणारे मिस्त्री ढिगानं बघितलेत मी. हा नाही तसला.

एका गिऱ्हाईक कंपनीची अट होती की तिचा माल नेणाऱ्या गाडीत मिस्त्रीच्या सहीची चेकलिस्ट पाहिजेच. रोजच्या एक-दोन गाड्या असायच्या. त्याआधीच्या ऑक्टोबरात अकबरच्या पोरीचं, माहेनूरचं, लग्न निघालं. त्याला आठ दिवस रजा पाहिजे होती. मालक म्हणाला, बदली मिस्त्री आणायचा नाही, सह्या आधीच घेऊन ठेवा.

कोऱ्या कागदांचा गठ्ठा अकबरपुढे कुणी ठेवला? मी ठेवला. तोंडं काय बघता? मीच ठेवला.

तो म्हणाला, "दादासाहेब, गाडी न बघता सही कशी करू? ही तर झूट झाली ना."

मी म्हणालो, "पोरीच्या लग्नाला जायचंय ना तुला?"

बापमाणूस तो, काय करणार? खाली मान घालून सह्या करत बसला. आठ दिवसांना पंधरा-सोळा कागद पुरले असते, मी शंभर घेतले. त्या दिवशी त्याच्या हातातून पेन दोनदा पडलं, हे मला दिसत होतं. तरी घेतले.

लग्न करून परत आला आणि पहिल्याच दिवशी केबिनचं दार लावून माझ्यापुढे उभा राहिला. "साहेब, माझ्या उरलेल्या सह्या परत द्या. झोप लागत नाही."

मी म्हणालो, "फाडून टाकल्या रे कधीच."

खोटं बोललो. गठ्ठा माझ्या टेबलाच्या खणात होता. आम्ही दोघंच होतो तिथं, तिसरा कुणी नव्हता, एवढं ध्यानात ठेवा.

नोव्हेंबरच्या चौदा तारखेला अकबर गेला. घरीच, झोपेत. मातीला मी गेलो होतो, खांदाही दिला. आणि दुसऱ्या दिवशी कामावर येऊन खण उघडला. मालक म्हणाला, कागद आहेत ना अजून, मग नवा मिस्त्री कशाला? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ऐकली असतील तुम्ही. आज बघून घ्या, समोर बसलंय त्यातलं एक. दोन महिने मेलेला माणूस आमच्या गाड्या पास करत होता.

तर नऊ जानेवारी. कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पेट्या भरून गाडी यार्डात उभी. घाट उतरून बंदरावर न्यायची होती. मी खुर्चीत बसून बावीस ओके मारले. भिमाजीनं कागद घेतला, बघितला.

"सायेब, ही अकबरभाईची सही हाय."

"मग?"

"मानूस जाऊन दोन म्हयनं झालं की."

"तुला गाडी चालवायला ठेवलाय का कागद वाचायला?"

त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला. सव्वाअकराला गाडी सुटली.

इथून पुढचं भिमाजीनं मला सांगितलेलं.

लोणावळ्याच्या अलीकडे जुन्या रस्त्याला एक बंद पडलेला ढाबा होता. घाटाआधी पाय मोकळे करावेत म्हणून त्यानं तिथं गाडी लावली. एक वाजायला दहा मिनिटं होती. थंडी मरणाची. मागं जाऊन तो हात चोळत उभा राहिला.

टण्.

पलीकडच्या मागच्या चाकाकडून आवाज आला. त्याला वाटलं, सायलेन्सर निवतोय.

टण्... टण्... टण्...

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "हां."

भिमाजी जागचा हलला नाही. आवाज गाडीच्या पलीकडून पुढं सरकत होता. दुसरं चाक. हां. तिसरं. हां. रस्त्यावर एकही गाडी नाही. कुत्रंसुद्धा नाही. चौथं... पाचवं...

आवाज गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आला. मागचं डावं चाक. त्याच्यापासून चार हातांवर.

दिसत काहीच नव्हतं.

टण्.

बद्द.

बद्द.

बद्द...

आणि 'हां' आलाच नाही.

भिमाजी खाली वाकला. गाडीखाली अंधार. त्या अंधारात, चाकाच्या पलीकडे, दोन पाय. रबरी चप्पल.

"भिमाजी..."

तो तसाच वाकलेला राहिला.

"गाडी... कुणी बघितली?"

"तु... तुमचीच सही हाय, अकबरभाई."

मग...

"मी... नाही... बघितली."

एक वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. मी केबिनमध्येच झोपलो होतो. भिमाजी रडत होता. तीस वर्षांत त्याला रडताना ऐकलं नव्हतं. म्हणाला, डाव्या चाकाचे दहांतले दोन नट जागेवर न्हाईत, बाकीचे बोटानं फिरत्यात, सायेब, बोटानं. वीस टन माल घेऊन त्या चाकावर तो घाट उतरणार होता. घरी बायको, दोन पोरी.

आणि मी काय म्हणालो असेन? सांगायची लाज वाटते. म्हणालो, "प्यालास का? नट आवळ आणि नीघ. सकाळी माल पोचला नाही तर उद्यापासून येऊ नकोस."

तो म्हणाला, "न्हाई येत. पर सायेब, त्यांनी तुमाला निरोप दिलाय."

"कुणी?"

"अकबरभाईनं. म्हनलं, दादासाहेबाला सांग, माझ्या उरलेल्या सह्या परत द्या. झोप लागत न्हाई."

...

फोन माझ्या हातात तसाच राहिला. खण माझ्या गुडघ्याशी होता. किल्ली माझ्या कमरेला. उघडला.

सत्तावीस कागद उरले होते. गाडी सुटल्यावरच मोजलेले. सत्तावीसच्या सत्तावीस जागच्या जागी होते. पण खाली सहीची चौकट कोरी. खोडलेली नाही, पुसलेली नाही. कोरी. मी भिमाजीला म्हणालो, तुझा कागद बघ. त्यानं बघितला. तिथंही काही नव्हतं.

मग कपाटातल्या फायली काढल्या. रात्रभर एकेक पान उलटलं. लग्नाच्या आठ दिवसांतल्या सह्या गायब. चौदा नोव्हेंबरनंतरच्या सगळ्या गायब. आणि त्यानं हातोडीनं गाडी वाजवून केलेल्या, अकरा वर्षांच्या, एकही हललेली नव्हती. 'र'ची शेपटीसुद्धा जशीच्या तशी.

भिमाजीला मी तिथंच थांबवलं. सकाळी स्वतः मिस्त्री घेऊन गेलो, आणि परत येऊन मालकाच्या टेबलावर किल्ल्या ठेवल्या. आता इथं तुमच्यासारख्या दीडशहाण्यांच्या गाड्या बघतो. ही हातोडी अकबरचीच आहे. माहेनूरनं दिली. मी मागितली तेव्हा तिनं कारण विचारलं नाही, आणि मला सांगता आलं नसतं.

आता चिडू का जयदीप? तुझ्या आईनं फोन केला तर मी काय सांगायचं, पोरानं ओके मारलं होतं म्हणून? ऊठ. बॅटरी घे, हातोडी घे. सहाही चाकं वाजव, आवाज मला इथं आला पाहिजे. तुझी ही चेकलिस्ट मी फाडली. गाडी बघून आलास की या कागदावर सही कर.

हा? हा त्या सत्तावीसांतलाच आहे. खिशात ठेवतो मी. बघ, चौकट कोरी आहे ना? यावर मी माझी सही तीन वेळा केली, अशीच, खुर्चीत बसून. तिन्ही वेळा सकाळी जागा कोरी होती.