उसाच्या मांडवाची घरपट्टी

यंत्र म्हणालं, "गच्चीवर एक जादा खोली."

"खोली कसली? उसाचा मांडव तो," सुनंदा मोकाशी म्हणाली. "तुळशीचं लग्न होतं."

पालिकेत घरपट्टीच्या हरकती आता माणूस ऐकत नसे, हे यंत्र, घरडोळा, ऐके. आकाशातून छपरं मोजायची आणि उष्णतेवरून आडोसे ओळखायचे, हे त्याचं काम. पण तो आपणहून कुठल्या घराकडे वळत नसे. कुणी तक्रार केली, तरच.

कुणी केली, हे सुनंदाला ठाऊक होतं. शेजारचा अरुण तारळेकर. पाण्याच्या टाकीवरून दोघांचं वाजलेलं. ती ऊस बांधत असताना कठड्यावर रेलून हसला होता: "बांधा वहिनी, बांधा! वरचा मजला झकास दिसतोय."

मग दुप्पट घरपट्टी. भरली नाही तर घर लिलावात.

"मांडव. मान्य. आकारणी पूर्ववत," यंत्राने निकाल दिला. "आणखी काही?"

उठावं.

उठली नाही.

"शेजारच्या गच्चीकडे वळा. हिरव्या जाळीखाली पत्र्याची खोली आहे. बेकायदा."

पत्रे उचकटले जातील तेव्हा कठड्यावर रेलून काय म्हणायचं, तेही तिने ठरवून ठेवलं होतं. 'पाडा भाऊजी, पाडा!'

पडद्यावर गच्ची आली, उष्णतेच्या रंगांत. निळी.

जाळी निळी. पत्रे पिवळे.

पत्र्याआड एक नारिंगी आकृती. आडवी. मग बसलेली. मग भिंतीला धरून, डावा पाय ओढत.

सुनंदाने चाल ओळखली. इंदूकाकू! अरुणची आई. दर वर्षी तुळशीपुढे मंगलाष्टकं म्हणणारी. यंदा? "लेकीकडे गेलीय," असं अरुणने गल्लीभर सांगितलेलं.

"खोली पाडायची नोटीस काढू?"

"आतल्या माणसाचं काय?"

"घरपट्टीत माणूस मोजत नाहीत."

आपल्या माजघरातली कॉट तिला आठवली. काकू त्या कॉटवर. दार उघडं. येणारी-जाणारी गल्ली विचारणार, आणि तारळेकराला तोंड लपवायला जागा उरणार नाही. नुसते पत्रे पाडण्यापेक्षा हे किती तरी गोड.

"काढा," ती म्हणाली.

घरी आली ती थेट गच्चीवर. कठडा ओलांडला, जाळी वर केली. आत तापलेल्या पत्र्याचा वास. काकू बाजेवर बसलेली.

"काकू, चला. माझ्याकडे राहायचं आता."

काकूने तिला निरखून पाहिलं. पत्र्याला कान असतात; टाकीवरचं भांडण तिने शब्दन् शब्द ऐकलं होतं.

"येते की," ती म्हणाली. "पण खरं सांग, सुनंदा. त्याची जिरल्यावर ठेवशील का गं मला?"