क्रँडलची रिकामी खुर्ची

नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांत बसून उत्तरा अमेरिकेचं काम करायची. तिकडून जुन्या मूकपटांच्या फाइली यायच्या, ती त्यांवरचे ओरखडे संगणकावर पुसायची. त्या उन्हाळ्यात हायरम क्रँडल नावाचा दिग्दर्शक तिच्या वाट्याला आला. शंभर वर्षांपूर्वीचा, आणि हट्टी तरी किती! नटांना गोष्ट आधी सांगायचीच नाही. कॅमेरा सुरू झाला की पत्र्याच्या भोंग्यातून एकेक हुकूम सोडायचा: ऊठ, चाल, वळ. मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा. शेवटच्या चित्रपटात त्याने म्हाताऱ्या नटाला इतकं दमवलं, की तो बिचारा काम सोडून पळाला. पुढे क्रँडल मेला, चित्रपट अर्धाच राहिला. उरला एक तुकडा: खोली, रिकामी खुर्ची, उघडं दार, आणि पडद्याच्या कडेला भोंग्याचं तोंड.

कूलरसमोर तिचे वडील, गोपाळराव, बनियन-पायजम्यात बसलेले असायचे. दिवाळीत लकवा मारला तेव्हापासून वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं. डॉक्टरांनी हात टेकले होते, उत्तराने नाही.

तो तुकडा लागला आणि गोपाळरावांचा उजवा हात वर गेला.

"हात हलला वं भाऊजींचा!" सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडता निवडता नीलामावशी ओरडली. "बंद नको करू. रोज दाखवत जा त्यायले."

उत्तरा रडलीच. मग रोज तेच. हातामागून पाय हलले. एका दुपारी ते चक्क उभे राहिले. तुकडा संपला की मात्र घामाने निथळत खुर्चीत कोसळायचे.

आणि ते हलायच्या आधी पडद्यावरचा भोंगा हलायचा. हे तिला उशिरा दिसलं. चित्र न् चित्र तिने स्वतः साफ केलं होतं. भोंगा तेव्हा जागचा हलत नव्हता.

"मावशी, आता नको दाखवायला. मले भेव वाटून राहिलं."

"काहून? माणूस उभा होऊन राहिला ना!"

उत्तराने तुकडा लावला.

गोपाळराव उठले. दाराकडे चालू लागले.

"बाबा, कुठं चालले? बाबा!"

तिने बटण दाबलं. वायर उपटली. चित्र चालूच.

धावत जाऊन तिने त्यांचं मनगट धरलं. मुठीत काही उरलं नाही.

दाराला आतून कडी होती. चपला तिथेच होत्या.

पडद्यावर बनियन-पायजम्यातला एक म्हातारा दारापाशी पोचला होता.

पोलीस येऊन गेले. मावशीने त्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं. उत्तराला बाबा पाहायचे तर तुकडा लावावा लागतो. लावला की बाबांना उठावं लागतं, दारापर्यंत जावं लागतं, परत यावं लागतं. न लावता तरी राहवतं का?

काल ते दाराशी भिंतीला टेकून दम खात होते. त्यांनी वळून थेट तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. किती महिन्यांनी बाबा काही बोलत होते, आणि तिला ऐकू येईना.

भोंगा हलला. बाबा पुन्हा खुर्चीकडे निघाले.