गळ्यातली थरथर

“उजे, चहात साखर...” एवढंच आबा म्हणाले आणि त्यांचा आवाज गेला. ओठ हलत राहिले. गळ्यातल्या कंठपट्ट्याचा हिरवा दिवा लाल झाला होता.

कर्करोगानं स्वरयंत्र नेल्यापासून दत्तोबा चौगुले या पट्ट्यातून बोलत. गळ्याच्या स्नायूंची थरथर टिपून पट्टा शब्द ओळखायचा आणि आबांच्याच जुन्या आवाजात म्हणायचा. कुस्तीच्या मैदानात हलगीच्या वर चढणारा तो निवेदकाचा आवाज!

त्यांच्या लेकीनं, उज्ज्वलानं, पट्टा संगणकाला जोडला. पडद्यावर ताडणी केंद्राची ओळ आली : ‘ही आज्ञावली वादग्रस्त आहे. वापर स्थगित.’

ती आज्ञावली उज्ज्वलानंच लिहून सगळ्यांना फुकट दिली होती. थरथरीतून शब्द ओळखायची रीत, म्हणजे गणनविधी, एका विद्यापीठानं लोकांच्या पैशावर शोधली आणि कुणीही वाचावी म्हणून छापली. निबंधाच्या शेपटाला नमुन्याची आज्ञावली जोडली. तिचे हक्क मात्र एका कंपनीनं घेऊन ठेवले. आमटीची कृती चौकात लावायची आणि वाचणाऱ्याच्या घरी जप्ती आणायची, असला हा धंदा! कोणी काय वाचलं याची नोंद आता राहते. उज्ज्वलानं तो नमुना वाचला होता. नव्या कायद्यात वाचलं म्हणजे चोरलं. ती पुढं काहीही लिहो, तिच्या डोक्याला विटाळ झालेला.

एकच कायदेशीर वाट होती. न वाचलेल्यानं लिहायचं. वाचलेल्यानं फक्त काय हवं ते सांगायचं, कसं ते नाही. आणि सगळं बोलणं चित्रित करायचं.

तिनं इचलकरंजीच्या इर्शाद मुजावरला गाठलं. कॉलेजातला मित्र, आता यंत्रमागांच्या आज्ञावल्या लिहिणारा.

“मी वाचलेलं नाही,” तो पडद्यावरून म्हणाला. “परीक्षेला तरी कुठं वाचायचो? आबा रविवारी मैदानात बोलणार ना?”

“पट्टा बोलला तर.”

तो कामाला लागला. मध्येच अडला. “शब्द अर्धवट ओळखला तर मागची थरथर बघू का पुढची?”

उत्तर उज्ज्वलाच्या जिभेवर होतं. तिनं जीभ चावली. “सांगता येत नाही.”

“मान तरी हलव की.”

“मानही चित्रित होतेय, गाढवा!”

आबा शेजारी बसून बघत होते. बोलता येत असून लेक गप्प का, हे त्यांना कळेना.

इर्शादनं धडपडत, चुकत, शेवटी वाट काढली. आज्ञावली चालली. उज्ज्वलानं ती ताडणी केंद्राकडं, म्हणजे आज्ञावल्या ताडून वापराची परवानगी देणाऱ्या कचेरीकडं, पाठवली. निकाल लगेच आला : ‘नमुन्याशी जवळजवळ पूर्ण साम्य. लेखकावर वाचनाचा संशय. वापरल्यास पट्टा जप्त, दोघांवर गुन्हा.’

“आईशप्पथ, उजे, मी बघितलंसुद्धा नाही!”

“माहीत आहे रे. तिथं पोचायला गणितातून दुसरी वाटच नाही. त्यांनी त्या वाटेवर फाटक बसवलंय. वाचलं तरी चोर, नाही वाचलं तरी चोर.”

“मग आपण करायचं काय?”

आता दोघंही अडकले होते.

रविवारी आबा फेटा बांधून तयार बसले. मुका पट्टा त्यांनी पुसून गळ्यात घातला होता. केंद्राचं कुलूप तोडून इर्शादची आज्ञावली पट्ट्यात घालणं उज्ज्वलाला एक कळ दाबण्याचं काम होतं. पण मैदानातल्या हजारो लोकांसमोर उच्चारलेला पहिला शब्दच पुरावा ठरणार होता. तिनं सगळं आबांना सांगितलं. जप्तीचं, गुन्ह्याचं, इर्शादचंही.

आबांनी ऐकून घेतलं. तिचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि सावकाश ओठ हलवले. बोटांखाली गळा थरथरत होता. या दिवसांत ती ओठ वाचायला शिकली होती. त्या वाचनाची नोंद अजून कुठं होत नव्हती.

आबा विचारत होते, “ही थरथर माझीच ना गं?”

लांब मैदानात हलगी सुरू झाली. तिच्या दुसऱ्या हाताचं बोट संगणकाच्या कळीवर होतं. आबांचे ओठ पुन्हा हलले.

“मग ती वाचायला यांना कशाला विचारायचं?”