पट्टा हाती घेतला

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या त्या छोट्याशा म्युझियममध्ये श्यामलाला आठवड्यातून तीन दिवस काम असायचं. आलेल्या वस्तू मोजायच्या, कार्डं लिहायची. पुण्यातल्या इतिहासाच्या एम.ए.वर इथे एवढंच मिळालं होतं. शहाण्णवच्या जानेवारीतल्या त्या सोमवारी चाइल्डकेअर बंद, नवरा शिरीष पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात शिफ्टला. म्हणून चार वर्षांची लेक निहारिका तिच्या टेबलाखाली बसून चित्र रंगवत होती. पंखा फिरत होता, तरी कुर्ता पाठीला चिकटत होता.

सकाळीच एका जुन्या इंग्रज घराण्याची पेटी आली होती. तिच्यात कातड्यात गुंडाळलेला एक पट्टा निघाला, पांढऱ्या-जांभळ्या शिंपल्यांच्या मण्यांचा. श्यामलाने तो दोन्ही हातांनी उचलला. वाटला त्यापेक्षा जड होता. आणि थंडगार.

“वॉम्पम,” तिची वरिष्ठ केली दारातून म्हणाली. “अमेरिकेतल्या सेनेका लोकांचा. इंग्रजांशी बोलणी करताना आपलं म्हणणं मण्यांत गुंफून पुढे करायचे. पट्टा हातात घेतला की म्हणणं मान्य.”

“आणि मान्य नसेल तर?”

“मग हात लावायचा नाही. तू तर उचललासही, मेट.”

दोघी हसल्या. केली आपल्या कामाला निघून गेली. श्यामलाने पट्टा खाली ठेवला, पण तळव्यांचा गारठा काही जाईना.

पेटीत त्या घराण्यातल्या एका कॅप्टनची डायरी होती, १७६४ची. कार्डासाठी तिने ती चाळायला घेतली. सेनेकांची एक लहान मुलगी कॅप्टनने किल्ल्यात ओलीस ठेवली होती. तिच्या माणसांनी पट्टा पुढे केला होता: मका पिकायच्या आत आमची पोर परत द्या. ‘पट्टा हाती घेतला,’ एवढंच त्याने लिहिलं होतं. मका पिकला, बर्फ पडला, कॅप्टनची बदली झाली. मुलीबद्दल पुढे अक्षर नव्हतं.

तिच्या आईने किती दिवस वाट पाहिली असेल, असं श्यामलाच्या मनात आलं. तिने पान उलटलं नाही.

“ममा, दे आर आस्किंग,” टेबलाखालून निहारिका म्हणाली.

“कोण गं?”

“द लेडीज.”

“काय विचारतायत?”

“व्हेन.”

श्यामला वाकली. खाली निहारिकाच होती, एकटी. समुद्र निळा रंगवत होती.

“तू काय सांगितलंस त्यांना?”

“नथिंग. यू सेड येस ऑलरेडी.”

श्यामलाने फूटपट्टीने तो पट्टा कातड्यात ढकलला. बोटसुद्धा लागू दिलं नाही.

“मला मान्य नाही,” ती हळूच म्हणाली. मराठीत. मग इंग्रजीत.

पेटी बंद केली. आज लवकर जाते म्हणून केलीला सांगायला ती दारापर्यंतच गेली.

वळली, तर टेबलाखाली कुणी नव्हतं.

मागचं दार उघडं होतं. निहारिका उंबऱ्याशी उभी होती, भर उन्हात, स्वेटर घालून. अचानक गार वारा सुटला तर असावा म्हणून श्यामला तो बॅगेत तळाशी ठेवायची.

“कुठे निघालीस?”

“इट्स स्नोइंग देअर, ममा.”

श्यामलाने तिला छातीशी ओढलं आणि स्वेटर काढायला घेतला. सहाही बटणं गळ्यापर्यंत नीट लावलेली होती.

निहारिकाला अजून बटणं लावता येत नव्हती.